टिक

लॅमिंग्टन रोडच्या पोटमाळ्यावर
हंसराजभाई छेडा चिप चिमट्यात धरून विचारतात,
"ओरिजिनल पाहिजे की चालणारी?"
मी अ‍ॅसिटोनचा बोळा काढते, पाठीवरून फिरवते.
नाव पुसलं नाही तर खरी.
"माणसांवर पण घासता का हो, बाई?"

चार हजार एकावन्न. आठ वाटा, एक तोंड. बारा रुपये.
वीस वर्षं हीच लावत आले.
वाट उघडी म्हणायची, पण मधे सव्वाशे ओहम बसलेले,
जकातनाक्यावरच्या कारकुनासारखे,
थोडं काढून घेतल्याशिवाय न सोडणारे.

या वेळी म्हटलं, नको.
कान तपासायचं यंत्र, पालिकेच्या शाळांतून फिरणार,
पोरांच्या कानाशी काटकसर कशाला?
रात्रभर डेटाशीट चाळल्या.
पाहिला एकच रकाना: चालू असतानाचा रोध.
दोन ओहम. एक. अर्धा.
अर्ध्याची मागवली, एकशे नव्वदला एक.
साकीनाक्याच्या गाळ्यात, खाली पत्रा कापत होते,
आणि वर स्कोपवर साइन इतकी स्वच्छ
की सदाने पेढे आणले.

मग गोवंडीहून शर्वाणी कामेरकरचा फोन.
"एक मुलगा आहे, तौसीफ, आठ वर्षांचा.
बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की याला कळत नाही.
स्वतःच्या नावातले स आणि फ
आज इथले तिथे, उद्या तिथले इथे.
तुमचं यंत्र म्हणतं, कान ठणठणीत.
चार हजार हर्ट्झला हात वर.
वीस डेसिबल, दहा, शून्य.
शून्यालासुद्धा हात वर करतो हो!"

मी हेडफोन घेऊन संडासात गेले.
गाळ्यातली तेवढीच एक शांत जागा.
पातळी तळाला नेली.
सूर नाहीच.
पण सुराच्या आधी,
टिक.

नखाला नख लागावं, एवढंच.

दार जितकं रुंद, तितकं त्याचं लाकूड जड.
आतला ट्रान्झिस्टर मोठा, तो उघडताना
चिमूटभर भार वाटेत सांडतोच.
पिकोकुलोंबमध्ये दिलेला होता,
तेराव्या पानावर, तळाशी, बारीक टायपात.
मी तेरावं पान वाचलं नव्हतं.

तौसीफला सूर ऐकू येत नव्हता.
त्याला माझं दार ऐकू येत होतं.
आणि तो इमानाने, दर वेळी,
हात वर करून सांगत होता:
कुणीतरी आलं.

परत पोटमाळा. परत बोळा.
आता आधी तेरावं पान.
भार अर्ध्या पिकोकुलोंबच्या आत, रोध मात्र ऐंशी ओहम.
सदा म्हणाला, "मॅडम, अर्ध्यावरून ऐंशीवर? हे काय?"
कागदावर वाईटच.
पण पुढे अ‍ॅम्प्लिफायरचं तोंड लाखभर ओहमचं,
त्याला ऐंशी म्हणजे दर्यामें खसखस.
आधी तोड, मग जोड, एवढं मात्र पाहून घेतलं;
दोन वाटा निमिषभरही भिडायला नकोत.

संडासात पुन्हा.
नळाचा थेंब ऐकू आला. दुसरं काही नाही.

गोवंडीला मी स्वतः गेले.
हेडफोन त्याच्या डोक्याला मोठा, शर्वाणीने मागे रुमाल कोंबला.
पाचशे हर्ट्झ: हात.
हजार: हात.
दोन हजार: थोडा उशिरा, अर्धाच.
चार हजार.
हात गुडघ्यावर.
तीस. चाळीस. पन्नास.
बोटाला शाई लागलेली, हात गुडघ्यावर.
तो माझ्याकडे बघत राहिला,
आपलं काय चुकलं म्हणून.

यंत्र पहिल्यांदाच बरोबर चाललं होतं
आणि मला पेढे आठवून कसंसं झालं.

"शाबास," मी म्हटलं, वहीत आकडा लिहिता लिहिता.
त्याने मान वाकडी करून
माझे ओठ शोधले.
मी पेन खाली ठेवलं,
त्याच्याकडे तोंड केलं,
पुन्हा म्हटलं.